मला कुनी इचारलंच नाय

माझ्या आजीच्या धाकट्या जावेला घरातले सगळे धाकटीच म्हणायचे. तिचा नवरा भाईंदरच्या मिठागरावर कामाला होता. एका संध्याकाळी तो लंगडत घरी आला. पायात गंजका खिळा घुसला होता. धाकटीनं जागा दाबून रक्त काढलं, हळद-तेल कढत करून भरलं, चिंधी बांधली. दोन दिवसांनी तो पुन्हा कामावर गेला. जखम वरून मिटली आणि ती गोष्ट घरात दुसऱ्या कुणाच्या कानावरही गेली नाही.

आठवड्याभरानं त्याचा जबडा आवळू लागला. घास तोंडात जाईना. कुणी म्हणालं दाढ आलीय, कुणी म्हणालं वारं गेलंय. अंगारा झाला, गावठी औषध झालं. पाठ धनुष्यासारखी वाकायला लागली तेव्हा घरचे पुरुष हादरले. आमच्या काशीगावातून बैलगाडीनं भाईंदर स्टेशन, तिथून गाडीनं परळचा मोठा दवाखाना, असा तो प्रवास. विरारपर्यंत विजेच्या गाड्या 1936 सालीच आल्या होत्या, पण स्टेशनापर्यंत पोचणं हेच आमच्या लोकांचं निम्मं आजारपण असायचं. आज जिथं महामार्गाला घोडबंदर रोड येऊन मिळतो आणि वरून मेट्रोचे खांब गेलेत, तिथं तेव्हा शेतं होती आणि मागं डोंगराचं रान.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुरुषांना विचारलं, कुठं लागलं होतं का? माझे आजोबा, त्यांचे थोरले भाऊ, गावचे एक शिकलेले मेहुणे, तिघांनीही मान हलवली. नाही, कुठं नाही. धाकटी व्हरांड्यात डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. रोग धनुर्वाताचा आहे हे डॉक्टरांना बघताक्षणीच कळलं होतं, पण जखम सापडेना. दुसऱ्या दिवशी एका सिस्टरनं व्हरांड्यात येऊन धाकटीला विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? आणि मग तिनं खिळ्याचं सांगितलं, कोणत्या पायात, कुठल्या बोटाखाली, किती दिवस झाले, सगळं.

तो वाचला नाही. त्या काळी धनुर्वात म्हणजे बहुतेक मरणच होतं, त्यामुळे एक दिवस आधी कळून तो वाचला असता असं आजीही कधी म्हणाली नाही. पण धाकटीनं बारा दिवसांच्या सुतकात एकच वाक्य उच्चारलं होतं, ते आजी मरेपर्यंत सांगत राहिली. "मला कुनी इचारलंच नाय."

आमच्याकडं आजारपणाच्या गोष्टी खूप आहेत. साप चावल्याच्या, अडलेल्या बाळंतिणींच्या, देवीच्या साथीच्या. त्यातली ही एक मला पुनःपुन्हा आठवते, कारण आजच्या आयसीयूच्या काचेच्या दाराबाहेर मी तीच गोष्ट घडताना पाहिली आहे. माणूस आत असतो. त्याच्याविषयी बोलायला बाहेर आठ-दहा जण असतात. आणि ज्याला खरं माहीत आहे ते माणूस मागं, पिशवी धरून उभं असतं.

धनुर्वाताच्या रोग्याला तेव्हा अंधाऱ्या खोलीत ठेवत. उजेड नको, आवाज नको, नुसता दरवाजा वाजला तरी शरीराला झटका यायचा. आजी सांगायची, त्या खोलीबाहेर आम्ही चपला काढून चालायचो. याच रोगावर पुढं मुंबईत फार मोठं काम झालं. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रोग्यांना श्वासनलिकेला छेद देऊन, स्नायू शिथिल करणारी औषधं आणि श्वसनयंत्र वापरून जगवायला सुरुवात केली. त्या अनुभवावरचा त्यांचा ग्रंथ 1994 मध्ये निघाला. आपल्याकडच्या अतिदक्षता वैद्यकाच्या पायाभरणीत त्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. या शाखेच्या डॉक्टरांची देशव्यापी संघटनाही 1993 साली मुंबईतच स्थापन झाली.

त्याच्याही मागं गेलं तर गोष्ट कोपनहेगनला पोचते. 1952 च्या उन्हाळ्यात तिथं पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसं रोज दाखल होत होती आणि ब्लेगडाम रुग्णालयात मोठं श्वसनयंत्र होतं एक. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद करवून नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या छातीत हवा भरली. मुलगी जगली. मग प्रश्न आला, शेकडो रोग्यांसाठी इतके हात आणायचे कुठून? वैद्यकीचे सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून बसले. दिवस-रात्र, आठवडेच्या आठवडे, रोग्याच्या उशाशी बसून पिशवी दाबत राहिले. पुढच्या वर्षी इब्सेननं अतिदक्षता विभाग सुरू केला. जगातला हा पहिला मानतात. यंत्रं त्याच्यानंतर आली.

कोपनहेगनची ही हकिकत मला सांगितली माझ्या आत्यानं. ती मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात सिस्टर होती, तिथूनच निवृत्त झाली. काशीगावातून नर्सिंगला जाणारी ती आमच्या घरातली पहिली मुलगी. तिला पाठवा म्हणून हट्ट धरला होता धाकटीनं. आत्या त्याचं कारण कधी सांगत नाही.

आत्या म्हणते, पिशवी दाबणारे ते विद्यार्थी मला नवीन नव्हते, मी नातेवाइकांना तशी दाबताना रोज बघत होते. व्हेंटिलेटर कमी आणि रोगी जास्त, हे मुंबईच्या सरकारी-महापालिका रुग्णालयांत वर्षानुवर्षं चाललेलं आहे. वॉर्डात पलंगाशेजारी स्टुलावर बसून अँबू बॅग दाबणारा मुलगा, त्याचा हात भरून आला की त्याची बहीण, तिच्यानंतर मेहुणा. आत्या त्यांना तालावर मोजायला शिकवायची. तिला त्यात अभिमान वाटत नसे, रागच यायचा, की श्वास घ्यायला यंत्र मिळत नाही म्हणून पोरांनी रात्र रात्र बापाचा श्वास ओढायचा. पण ती हेही सांगते की त्या पोरांना बापाच्या तब्येतीतला बारीकसा फरक डॉक्टरांच्याही आधी कळायचा. छाती आज जड लागतेय, सिस्टर, बघा ना. आणि पाहिलं तर नळीत कफ अडकलेला असायचा.

आत्याच्या पिढीच्या सिस्टरांना विचारा, त्यांची सर्वांत मोठी गोष्ट एकच असते. 27 नोव्हेंबर 1973. केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची, वय 25. ड्यूटी संपवून कपडे बदलायला तळघरात गेलेली असताना रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला आणि अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तेव्हा मेंदूला रक्त न पोचल्यामुळे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या, अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. आत्या तेव्हा शिकत होती. घरून निरोप आला, परत ये. ती गेली नाही.

अरुणा त्यानंतर जवळजवळ 42 वर्षं केईएमच्या वॉर्ड क्रमांक 4 मध्ये राहिली. तिला दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं. तिला भरवलं जायचं, न्हाऊ घातलं जायचं, कुशीवर वळवलं जायचं. इतकी वर्षं अंथरुणात असूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हते, हे पुढं सर्वोच्च न्यायालयासमोर नोंदलं गेलं. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना या एका वाक्याचं वजन कळेल. पाठीची एक जखम भरून काढता काढता घरं थकतात. इथं परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, ज्यांनी अरुणाला चालताना-बोलताना पाहिलं होतं त्या निवृत्त झाल्या, नव्या मुली आल्या, पण तिची पाठ कोरडी आणि धड राहिली. 80 च्या दशकात महापालिकेनं तिला केईएममधून हलवायचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकाच आड आल्या आणि बेत सोडून द्यावा लागला. तिला मासे आवडतात, भरवताना ती हसते, हे त्या सांगू शकत होत्या. त्यांच्यावाचून ते कुणालाच सांगता आलं नसतं.

पत्रकार पिंकी विराणी यांनी 1998 मध्ये अरुणावर पुस्तक लिहिलं. नंतर अरुणाला या अवस्थेतून सोडवावं, तिचं अन्न थांबवावं, अशी याचिका त्यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. न्यायालयानं तिची तपासणी करायला मुंबईचेच तीन डॉक्टर नेमले. 7 मार्च 2011 रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. त्या निकालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वैद्यकीय नाहीच. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला. आणि उत्तर दिलं, जे तिला रोज पाहतात, तिचं सगळं करतात, त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. केईएमच्या परिचारिकांनी त्या दिवशी मिठाई वाटली. याच निकालानं देशात पहिल्यांदा, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, निव्वळ आयुष्य लांबवणारे उपचार थांबवण्याची वाटही उघडली. विराणींची कळकळ खरी होती, त्यांच्यामुळेच ही वाट निघाली, हेही सांगितलं पाहिजे. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियानं गेली, शेवटचे दिवस अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होती.

आत्याला मी एकदा विचारलं, कोण बरोबर होतं? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सिस्टरांना तिचं सगळं माहीत होतं. फक्त तिला स्वतःला काय हवं असतं, ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. पंचविशीत कोण विचारतं, आणि कोण सांगतं?"

काकांच्या आजारपणाआधीचं आमचं हे बोलणं. काका म्हणजे आत्याचा पाठचा भाऊ. ऐन पावसाळ्यात त्यांना ताप आला, तापाचा न्यूमोनिया झाला, आणि एका रात्री श्वास इतका लागला की महामार्गाजवळच्या एका खाजगी रुग्णालयात न्यावं लागलं. पहाटे नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. सकाळी आम्ही सगळे दाराबाहेर. काकांचे दोन्ही मुलगे, जावई, भाचे, गावातले चार जण, मी.

अशा वेळी जे होतं तेच झालं. मोठ्या मुलानं छातीच्या डॉक्टरांना गाठलं, धाकट्यानं रात्रपाळीच्या डॉक्टरांना, जावयानं ओळखीतून कुणा तिसऱ्यालाच फोन केला. एकानं ऐकलं, सुधारणा आहे. दुसऱ्यानं ऐकलं, किडनी जातेय. तिसरा म्हणाला, मुंबईला हलवा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तिन्ही बातम्या एकाच वेळी फिरत होत्या आणि दुपारपर्यंत भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. प्रत्येकानं आपापल्या अवयवापुरतं खरं सांगितलं होतं.

संध्याकाळी आत्या आली. पासष्टी ओलांडलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेली. तिनं आधी सगळ्यांना खाली चहाला नेलं. मग शाळेची एक दोनशेपानी वही मागवली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि म्हणाली, आजपासून डॉक्टरांशी एकच जण बोलणार, दुसरा जण लिहिणार, आणि बाकीचे जे वहीत असेल तेवढंच खरं धरणार. राउंड किती वाजता असतो, मुख्य डॉक्टर कोण, हे तिनं सिस्टरना विचारून लिहून घेतलं. आमचे पुरुष दिवसभर दाराशी उभे होते, पण राउंडची वेळ कुणाला माहीत नव्हती.

आणि तिनं काकींना पुढं बोलावलं. काकी कोपऱ्यातल्या खुर्चीवर मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसल्या होत्या. आत्यानं ती पिशवी उघडली. आत काकांचं कानाचं यंत्र, दातांची कवळी एका छोट्या स्टीलच्या डबीत, चष्मा, आणि औषधांच्या पट्ट्या. त्यातली एक पट्टी अर्धी रिकामी, मागचा चंदेरी कागद फाटलेला. गुडघेदुखीच्या गोळ्या. काका कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून रोज घ्यायचे, कधी दोन, कधी तीन, किती वर्षं घेत होते ते काकींनाच माहीत. मुलांनी दाखल करताना लिहून दिलं होतं, कुठलंही औषध चालू नाही. मुलं खोटं बोलली नव्हती, त्यांना ठाऊकच नव्हतं. आत्यानं ती पट्टी तशीच नेऊन डॉक्टरांच्या हातात ठेवली. किडनीचे आकडे का चढतायत याचा एक धागा त्यांना तिथं मिळाला. डॉक्टरांनी काकींना आत बोलावलं आणि उभ्या उभ्या नीट दहा मिनिटं विचारलं. धाकटीची गोष्ट आत्यानं मला त्या वेळी सांगितली नाही, मलाच आठवली.

दुसरी गोष्ट कानाची. झोपेचं औषध कमी केल्यावरही काका हाकेला ओ देत नाहीत, अशी नोंद झाली होती. ते ऐकताच काकी म्हणाल्या, त्यांचा डावा कान पार गेलाय, उजव्यातही यंत्राशिवाय ऐकू येत नाही. दोघी-तिघी सिस्टर केरळच्या, हिंदीत हाक मारत होत्या, तीही डाव्या बाजूनं. आत्यानं विनंती केली, उजव्या कानात यंत्र घालू द्या आणि काकींना दोन मिनिटं आत येऊ द्या. काकींनी वाकून तशीच हाक मारली जशी त्या रोज मागच्या दारातून मारायच्या. काकांनी डोळे उघडले. पलंगाच्या डोक्याशी मग एक कागद लागला. उजव्या बाजूनं बोलावं, यंत्र घालावं, चष्मा लावावा, मराठीत बोलावं, मोठा नातू म्हटलं की हसतात. एका सिस्टरनं त्याखाली मल्याळममध्ये स्वतःसाठी काहीतरी लिहून ठेवलं.

आयसीयूत माणूस भ्रमिष्ट होतो, हे घरच्यांना कुणी आधी सांगत नाही. दिवस की रात्र कळत नाही, सतत उजेड, यंत्रांचे आवाज, गुंगीची औषधं. म्हातारं माणूस हात-पाय झाडतं, नळ्या ओढतं, बायकोला ओळखत नाही. घरची माणसं घाबरतात, वेड लागलं म्हणतात. वैद्यकात याला डिलिरियम म्हणतात आणि तो कमी व्हायला ओळखीचा आवाज, चष्मा, कानाचं यंत्र, भिंतीवरचं घड्याळ, रात्री मंद केलेला दिवा यांचा खरोखर उपयोग होतो. यातलं जवळजवळ सगळं घरच्यांच्या पिशवीत असतं.

वहीत रोज तेच प्रश्न लिहिले जायचे. कालच्यापेक्षा आज कसं आहे? कोणत्या अवयवाला यंत्राचा टेकू आहे, आणि तो आज वाढवला की कमी केला? पुढच्या दोन दिवसांत तुम्ही कशाची वाट बघताय? शेवटचा प्रश्न विचारायला आमच्यातलं कुणी धजत नव्हतं, तो आत्यानंच विचारला. तुम्ही म्हणता तसं सगळं सुरळीत झालं, तर माणूस घरी कसा येईल? स्वतःच्या पायानं अंगणात जाईल की पलंगावरच राहील? डॉक्टर थांबले. मग खुर्ची ओढून बसले आणि बोलले. इतके दिवस ते उभ्यानं बोलत होते.

गळ्याला छेद द्यायचा का, हा प्रश्न आला तेव्हा मुलं दोन बाजूंना झाली. सहीचा कागद समोर होता. आत्यानं विचारलं, छेद दिल्यावर किती दिवस बघणार? डॉक्टर म्हणाले, साधारण दोन आठवडे, तेवढ्यात यंत्र सुटायला लागलं पाहिजे. मग ते वहीत लिहिलं गेलं, दोन आठवड्यांनी पुन्हा सगळे बसणार. सही काकींनी केली. यंत्र सुटलं, छेदाची जागा भरली, काका घरी आले. अंगणात जायला त्यांना दिवाळी उलटावी लागली आणि काठी कायमची झाली.

आत्यासारखी आत्या प्रत्येक घरात नसते, हे मला माहीत आहे. म्हणून काही गोष्टी इथंच सांगते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं रुग्णहक्कांची सनद तयार केली आहे आणि महाराष्ट्रानं 2021 मध्ये नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून ती सनद आणि दरपत्रक रुग्णालयात दिसेल असं लावणं बंधनकारक केलं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क त्यात आहे. बिलावरून माणसाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. केसपेपरच्या प्रती मागितल्यापासून 72 तासांत द्याव्या लागतात, हा नियम तर 2002 पासूनचा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल होतानाच त्याला गाठायचं. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. आमच्या मागच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यांवर कितीजणांना हे माहीत आहे, याचा विचार केला की मला फार वाईट वाटतं. तिथला माणूस आजही व्हरांड्यातच बसतो.

कोविडच्या काळात तर सगळेच व्हरांड्याबाहेर गेले. राज्यानं 21 मे 2020 रोजी खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधून दिले, व्हेंटिलेटरसह आयसीयूला दिवसाला 9000 रुपये, त्याशिवाय 7500. ज्या घरात कुणी ते परिपत्रक फोनवर उघडून दाखवलं, तिथलं बिल उतरलं. पण पैशांपलीकडचं काय? आत कुणाला उजव्या कानात बोलायचं हे सांगायला दाराशी कुणी उभंच राहू शकत नव्हतं. त्या काळात आमच्या गावातली जी माणसं गेली त्यांच्याबद्दल घरच्यांची एकच तक्रार अजून ऐकू येते, की आम्हाला काही सांगता आलं नाही. काही विचारता आलं नाही, असं फार कमीजण म्हणतात.

यापुढचं बोलणं आमच्याकडं अभद्र मानतात. तरी आत्यानं ते काढलंच. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि बरं होण्याची आशा संपली असताना कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायला परवानगी दिली. सुरुवातीची पद्धत इतकी किचकट होती की कुणाच्यानं ती पार पडेना. 24 जानेवारी 2023 रोजी ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. आपल्या वतीनं कोण बोलेल त्यांची नावं लिहायची. एक प्रत स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं जमा करायची. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यावर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. कागद असला म्हणून कुणी लगेच यंत्र बंद करत नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरसह तिघांचं एक मंडळ बघतं, त्यावर दुसरं मंडळ बघतं, घरच्यांची संमती लागते, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इतक्या पायऱ्या आहेत, आणि त्या असल्याच पाहिजेत.

मागच्या गणपतीत सगळे काशीगावात जमले होते. आत्यानं तिचा कागद काढला. नोटरीचा शिक्का मारलेला. तिच्या वतीनं बोलायला तिनं दोन नावं लिहिली होती. पहिलं तिच्याजवळ राहणाऱ्या धाकट्या सुनेचं, दुसरं माझं. पुण्याला असलेल्या तिच्या मोठ्या मुलाचं नाव नव्हतं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "मी मोठा असताना?"

"मला साखरेची गोळी किती वाजता लागते?" आत्यानं विचारलं.

तो काही बोलला नाही. सून स्वयंपाकघरातून तिथं येऊन उभी राहिली.

"मग हिलाच बोलू दे. पण तू वाच की. पोटातल्या नळीबद्दल मी लिहिलंय ते तुला पटतंय का सांग."

त्यानं चष्मा लावून कागद दोनदा वाचला. नळी अजिबात नको, असं आत्यानं सरसकट लिहिलं होतं. तो म्हणाला, पक्षाघातानंतर थोडे दिवस नळी लागते आणि माणूस बरा होऊन पुन्हा जेवायला लागतो, त्याच्या सासऱ्यांचं तसंच झालं होतं. तेवढे दिवसही नको म्हणतेस का? आत्यानं ते ऐकलं. मग तिनं विचारलं, किती दिवस लागले होते त्यांना? तो आठवून सांगायला लागला. बाहेर आरतीची हाक झाली तरी दोघं बोलत होते, मग काकीही त्यात आल्या, आणि काकांनी उजवा कान पुढं करून विचारलं, कशाबद्दल चाललंय. शेवटी आत्यानं त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली. ते वाक्य मुदत घालून पुन्हा लिहायचं ठरलं आहे, आणि त्यासाठी भाईंदरला नोटरीकडं या वेळी मोठा मुलगाच तिला घेऊन जाणार आहे.